आई कावळ्यावर रागावली तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. माणूस गेला की घरच्यांनी रडायचं, हे आपण धरूनच चालतो. पण रागही येतो बरं का. पुन्हा सांगते, रागही येतो, आणि तो गेलेल्या माणसावरच येतो.

आमचे बाबा गेले तेव्हा आई नऊ दिवस रडली नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "वहिनी, रडून मोकळ्या व्हा." आई त्यांना चहा विचारायची. दहाव्याला सगळे घाटावर गेलो. पिंड मांडले, कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. थोरल्या भावानं हात जोडले, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळे ढिम्म. धाकटा म्हणाला, "घराचं कर्ज मी फेडीन." तरी ढिम्म. काकांनी तर बांधाचा वाद सोडतो म्हणून कबूल केलं. (सोडला नाही, पण तो विषय वेगळा.) ऊन चढलं. तेवढ्यात मागून आईचा आवाज, "अहो, चाळीस वर्षं पानं वाढून हाका मारल्या, कधी वेळेवर आलात? आज तरी या! आणि लॉकरची किल्ली कुठे ठेवलीत, तेवढं तरी सांगून जायचं!"

गुरुजींना हसू आवरेना. आम्ही हसलो, आईही हसली, आणि हसता हसता जी रडायला लागली ती तासभर. कावळा काही आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली दुःखाचे पाच टप्पे मांडले: नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. घासाघीस म्हणजे काय, हे पिंडासमोर उभं राहिलेल्याला सांगायला नको! पण बाईंनी ते मांडले मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते ओळीनं येत नाहीत. ओळीनं येत नाहीत, हे लक्षात ठेवा. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण नाही, जगणंच नको वाटतंय, असं असेल तर मात्र १४४१६ वर फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे.

आणि तेराव्याला पनीर ठेवू नका हो. गेलेल्या माणसाला आवडायचं ते करा.

आमच्याकडे पितृपक्षात गच्चीवर पान ठेवतात. आई अजूनही कठड्याशी उभी राहून ओरडते, "या लवकर, वरण निवतंय!"