घराचा भाव ठरवायचाय? आधी मे महिन्यात टाकीचं झाकण उघडून बघा

नमस्कार मंडळी. घर घेताना भाव कसा कमी करून घ्यायचा, हे मला लातूर, नांदेड, संभाजीनगर, सगळीकडून विचारतात. बहुतेकांना वाटतं, त्यासाठी बोलण्यात पटाईत असावं लागतं. मला ते पटत नाही. त्या घराची माहिती ज्याच्याजवळ जास्त, त्याच्या शब्दाला वजन येतं. आणि आपल्या मराठवाड्यात पहिली माहिती काढायची ती पाण्याची.

माझ्या मामांचंच सांगते. लातुरात जुनं घर घेत होते. मालक 42 लाखांवर अडलेले. मामांनी घर जानेवारीत पाहिलेलं, तेव्हा नळाला धो धो पाणी. मी म्हटलं, मामा, घाई करू नका, मे महिन्यात परत जाऊ, तेही भर दुपारी. गेलो. गच्चीवर चढून टाकीचं झाकण उघडलं, तर तळाला वीतभर पाणी. मालकांना बोअर चालू करायला सांगितलं. पाच मिनिटं धार आली, मग पाईप नुसता फुसफुसायला लागला. शेजारच्या गच्चीवर एक काकू कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी न विचारताच सांगितलं, "एप्रिल लागला की इथं टँकरच असतो बाई."

याच लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे बोअर किती फुटांवर आहे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, नळ किती दिवसांनी येतो, हे विचारायला मुळीच लाजू नका.

घरी येऊन आम्ही वहीत हिशेब मांडला. नवा बोअर, मोटार, मोठी साठवण टाकी, एका उन्हाळ्याचे टँकर. दुसऱ्या दिवशी मामांनी ती वही मालकांपुढे ठेवली. आवाज चढवला नाही, घराला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाले, "काका, घर आम्हाला आवडलंय. पण हा खर्च आमच्या माथी येतोय, तेवढा तुम्ही धरा." आणि गप्प बसले. चहा गार झाला तरी कोणी बोलेना. मला राहवत नव्हतं, पण मामांनी नुसता हात दाबला. शेवटी काकाच म्हणाले, "बरं, 39 करा." घराला नावं ठेवली असती तर काकांनी आम्हाला दारातूनच वाटेला लावलं असतं, याची मला खात्री आहे. माणसानं ते घर हौसेनं बांधलेलं असतं हो.

आता दुसरी गोष्ट. गल्लीत खरा व्यवहार कितीला झाला, हे दलालाच्या तोंडून ऐकू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक 2 बघायला मिळते. आजूबाजूच्या खरेदीखतात किती रक्कम लिहिली ते त्यात दिसतं. तिथंच रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं त्या भागातल्या जागेला ठरवलेला दरही बघा. स्टँप ड्युटी खरेदीची रक्कम आणि रेडी रेकनर यांत जे जास्त असेल त्यावर लागते. म्हणजे रेडी रेकनरच्या खाली भाव आणला तरी ड्युटी तेवढीच, आणि फरक फार मोठा असेल तर तो तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकरही लागू शकतो. घर बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात ड्युटीत 1 टक्का सवलत आहे. 40 लाखांच्या घरावर ते सरळ 40 हजार होतात, तेही कोणाशी घासाघीस न करता.

संभाजीनगरात घर बघत असाल तर गुंठेवारीचं, म्हणजे मंजुरी न घेता गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेल्या जागेवरच्या घरांचं, नीट समजून घ्या. भाव ऐकून मन हरखतं. पण घर नियमित झालेलं नसेल तर बँका कर्जाला हात आखडतात, आणि उद्या विकायला काढलं तर तुम्हालाही हीच अडचण येते. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा. नसेल, तर मालकानं ते करून द्यावं आणि मगच पुढचं बोलणं.

नव्या फ्लॅटचं गणित वेगळं. बिल्डर दर कमी करायला कचरतो, कारण पुढचं गिऱ्हाईकही तोच दर मागतं. त्याच्याकडे पार्किंग, किचन ट्रॉली, स्टँप ड्युटीचा खर्च मागा, आणि जे कबूल करेल ते करारात लिहून घ्या. दर मात्र कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवर काढा. समजा 1000 फूट सांगून 4000 रुपये दर लावला आणि कार्पेट निघालं 720, तर तुम्हाला फूट पडला साडेपाच हजारांच्या वर. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असलेल्यावर लागतो. दोन घरांची तुलना करताना हे विसरू नका.

एक कळकळीनं सांगते. समोरचा दवाखान्यासाठी, कर्जासाठी घर विकत असेल तर त्याला पिळू नका. पैसे लवकर आणि एकरकमी देण्याची तयारी दाखवा. त्याची नड भागते आणि तो आपणहून खाली येतो.

आणि भाव ठरला की इसार रोखीनं देऊ नका. 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसतच नाही. चेकनं द्या, आणि इसारपावतीत ठरलेली रक्कम, खरेदीखताची तारीख आणि व्यवहार मोडला तर इसार परत कधी मिळणार, तिन्ही लिहून घ्या. मामांच्या पावतीत आम्ही चौथी ओळ घातली होती: बोअरची मोटार घरासोबत.