गच्चीवरचं मीठ

[पंचवटी. सकाळ. गच्चीवर पसरलेली सुती साडी, तिच्यावर पापड.]

चैत्राचं ऊन वर यायच्या आत या गच्चीवर पापडांची पहिली रांग लागलीसुद्धा. साडीच्या चारही कोपऱ्यांवर दगड आहेत, कारण गंगेवरून वारा येतो. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.

खाली पडवीत पीठ कुटणं चाललंय. आधी पाणी उकळलं, त्यात मीठ आणि पापडखार विरघळवला, ते गार झाल्यावर उडदाचं पीठ घट्ट भिजवलं. आता तेलाचा हात लावायचा आणि कुटायचं. गोळा मऊ, पांढुरका होईपर्यंत कुटायचं. मग वळकटी करून दोऱ्याने लाट्या कापायच्या. आवाज ऐकू येतोय ना? एका दमात होणारं काम नाही हे. शेजारच्या मावशी मधूनमधून हात बदलतात.

आणि ही मुलं? पापड लाटायला आलेली नाहीत. तेलात बुडवलेली कच्ची लाटी खायला आलीत.

मीठ किती घातलं, असं विचारल्यावर उत्तर आलं, "अंदाजाने." तो अंदाज आम्ही काट्यावर ठेवून पाहिला. एक किलो पिठाला काटा ५० ग्रॅमच्या पुढे गेला. पापडखार वेगळा. तोही सोडियमचाच क्षार, त्यामुळे पापडात सोडियम दोन वाटांनी येतं.

[मिसळीचं दुकान. रस्सा ओततानाचं जवळून दृश्य.]

रविवार आहे, बाहेर नंबर लावून लोक उभे आहेत. मटकी, रस्सा, वर शेव, बाजूला पापड. मीठ मोजायचं तर कुठून सुरुवात करायची? पावातही मीठ असतं, पण पाव खारट लागत नाही, म्हणून तो कुणी हिशोबात धरत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सगळं मिळून सपाट चमचाभरही नाही.

सैंधवाचं काय, असं रांगेतल्या एका काकांनी आम्हालाच विचारलं. काका, सैंधव उपासाला चालतं, पण मूत्रपिंडाला फरक कळत नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच.

[किराणा दुकान. तराजूत मिठाचा ढीग.]

हे दीड किलो मीठ आहे. आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यात जवळजवळ एवढं मीठ असतं. आपण खाल्लेलं नव्हे. रक्तातलंच, पुन्हा पुन्हा गाळलं जाणारं. त्यातलं बहुतेक सगळं ती परत रक्तात घेतात आणि जादा झालेलं तेवढं लघवीवाटे सोडतात.

[रेखाचित्र. मूत्रपिंड, शेजारी पांढरी पेशी.]

या सोडण्यालाही किंमत असते. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ती दाखवली. तिथे कॅमेरा नेणं आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून हे चित्र.

मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना त्यांनी खारट खाणं दिलं. संसर्ग बळावला. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचत होत्या, पण मारायला कमी पडत होत्या. कारण असं की जादा मीठ बाहेर टाकायची यंत्रणा चालू झाली की शरीरात ग्लुकोकॉर्टिकॉइड साठत जातात. तीच संप्रेरकं, ज्यांच्यासारखी औषधं सूज दाबायला देतात. या संप्रेरकांमुळे न्यूट्रोफिलचा जोर उतरतो. मग निरोगी माणसांना आठवडाभर रोज ६ ग्रॅम मीठ जादा दिलं. त्यांच्याही रक्तातल्या न्यूट्रोफिलनी जंतू कमी मारले.

गंमत म्हणजे त्वचेत हिशोब उलटा. तिथे साठलेलं मीठ काही जंतूंशी लढणाऱ्या पेशींना बळ देतं, असं आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं. त्यामुळे मीठ प्रतिकारशक्तीला चांगलंच, असा समज झाला होता.

[रुग्णालयाचा बंद दरवाजा. बाकावर पिशवी.]

मीठ जास्त झालं की रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडातल्या गाळण्या झिजतात, आणि काहींना डायलिसिससाठी, म्हणजे यंत्रावर रक्त गाळून घ्यायला, आठवड्यातून दोन-तीनदा या दारातून आत जावं लागतं. आत चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही.

[पुन्हा गच्ची. उतरतं ऊन.]

पापड कडकडीत वाळू द्यायचे नाहीत, नाहीतर तडकतात. हात लावून पाहायचं, उलटायचं, मग एकावर एक रचायचं. मावशी मोजतात, चुकतात, पुन्हा पहिल्यापासून. खाली पडवीत दुसऱ्या घाण्याचं पाणी उकळतंय. मिठाचा डबा उघडतो. मावशी मूठ भरतात, कॅमेऱ्याकडे बघतात, आणि थोडं परत डब्यात टाकतात.