सातबाऱ्यावरचा शेरा

(दृश्य: पेण तालुका, भाताची खाचरं)

रायगड जिल्ह्यातला हा पेण तालुका. ही भातखाचरं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. 2008 साली ती महामुंबई सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, नकाशात होती.

(दृश्य: सातबारा, जवळून)

‘इतर अधिकार’चा रकाना बघा. भूसंपादनाचा शेरा इथे पडतो. तो एकदा पडला की बँक कर्जाला कां-कूं करते, विकायला काढलं तर गिऱ्हाईक फिरकत नाही. पोरीचं लग्न असो की घराची डागडुजी, सगळं लटकतं.

(दृश्य: चावडी, नोटिशींचा फलक)

भूसंपादनाचा मूळ कायदा इंग्रजांचा, 1894 चा. कलम 4 ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी, अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत आणि गावात लागायची. राजपत्र चाळणारा शेतकरी आम्हाला तरी भेटला नाही. मग हरकतीला 30 दिवस. हीसुद्धा सोय आली 1923 साली, मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह पेटला त्या काळात. जमीन मागणार सरकार, हरकत ऐकणार सरकारचाच अधिकारी आणि सार्वजनिक प्रयोजन कशाला म्हणायचं तेही सरकारच ठरवणार. शिवाय कलम 17, तातडीचं. ते लावलं की सुनावणीलाच फाटा देता यायचा. पुढच्या नोटिशीनंतर 15 दिवसांनी ताबा.

(दृश्य: मतदानाची रांग, जुनी छायाचित्रं)

21 सप्टेंबर 2008. पेणच्या 22 गावांत शेतकऱ्यांनी मत दिलं, जमीन सेझला द्यायची की नाही. मतदान घेतलं प्रशासनानंच, आणि तेही शेतकरी कामगार पक्षाच्या प्रा. एन. डी. पाटलांसारख्यांनी रान उठवल्यावर. कायद्यात अशी तरतूदच नव्हती. सेझ पुढे बारगळलं.

(दृश्य: संसद भवन)

नवा कायदा 2013 चा, लागू 1 जानेवारी 2014 पासून. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची आगाऊ संमती, सरकारी-खाजगी भागीदारीत 70 टक्के. सामाजिक परिणामांचा अभ्यास, त्यावर गावात जनसुनावणी. हरकतीला 60 दिवस. आधीची 3 वर्षं त्या जमिनीवर राबून पोट भरणारा शेतमजूरही बाधितांत धरला. सातबाऱ्यावर त्याचं नाव कधीच नव्हतं.

(दृश्य: विधान भवन, मुंबई)

2018 साली महाराष्ट्रानं दुरुस्ती केली. औद्योगिक क्षेत्रं, कॉरिडॉर, पायाभूत प्रकल्प यांना त्या अभ्यासातून सूट देता येते. ही सूट काढायची तर विधेयक इथेच आणावं लागेल.