जादाचे पाच पैसे

नमस्कार श्रोतेहो.

एक पेनीचं टपाल तिकीट पोस्टाच्या खिडकीवर एका शिलिंगला मिळत होतं. म्हणजे चक्क बारापट भावाने! हा काळाबाजार म्हणाल, तर तसं नाही. खुद्द सरकारच विकत होतं. साल १८९७, ठिकाण ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं होत होती आणि त्या निमित्ताने क्षयरोग्यांच्या इस्पितळासाठी पैसा उभा करायचा होता. अडीच पेनीचं आणखी एक तिकीट होतं, ते अडीच शिलिंगला. दानासाठी जादा किंमत घेणारी ही जगातली पहिली टपाल तिकिटं. आता मला सांगा, आईला खुशालीचं पत्र धाडणारा एखादा मजूर एका पत्रावर बारा पत्रांचे पैसे कशाला घालेल? असली तिकिटं हौशी संग्राहकांसाठीच. तेही दानच म्हणा, पण ऐपतवाल्यांचं.

खरी मेख ओळखली ती डेन्मार्कमधल्या एका टपाल कारकुनाने. आयनार होल्बोल त्याचं नाव. १९०३ सालच्या नाताळात शुभेच्छापत्रांचे ढीग उपसता उपसता त्याच्या मनात आलं, या प्रत्येक पाकिटावर आणखी एक चिमुकलं तिकीट लागलं तर? किंमत फक्त दोन ओअर. शंभर ओअर म्हणजे एक क्रोन, तेव्हा हे दोन ओअर कुणाच्याही खिशाला जड नव्हते. राजा नववा ख्रिश्चन याने कल्पना उचलून धरली आणि १९०४च्या नाताळात दिवंगत राणी लुईसचं चित्र असलेली तिकिटं बाजारात आली. टपाल हशील म्हणून त्यांना शून्य किंमत. खरं तिकीट वेगळं लावायचं, हे नुसतं सोबतीला. तरी पहिल्याच वर्षी चाळीस लाखांहून अधिक खपली, आणि डेन्मार्कची तेव्हाची लोकसंख्या तीस लाखसुद्धा नव्हती! या पैशातून कोल्डिंग इथे क्षयरोगी मुलांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं, ते १९११ साली.

हीच युक्ती १९०७ साली अमेरिकेत एमिली बिसेल या बाईंनी वापरली. डेलावेअरमधलं एक छोटं क्षयरोग केंद्र बंद पडायच्या बेतात होतं, तीनशे डॉलर हवे होते. एकेका सेंटची तिकिटं विकून जमले तीन हजारांच्या घरात. आपल्याकडे टीबी असोसिएशन ऑफ इंडियाने हाच मार्ग धरला. शाळेत बाईंनी हातात ठेवलेली ती टीबीची तिकिटं तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असतील. आधी घरी खपवायची, मग शेजारी. हॉलंडमध्ये तर १९४८पासून शाळकरी पोरं मुलांच्या मदतनिधीची तिकिटं दारोदार विकतात. दारात उभ्या पोराला नाही म्हणणं किती अवघड असतं, ते तिथल्या लोकांनी चांगलंच ओळखलेलं दिसतं.

अमेरिकेच्या टपाल खात्याने स्वतः असं तिकीट काढायला मात्र १९९८ साल उजाडलं. स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठीचं ते तिकीट. साध्या पत्राला बत्तीस सेंट लागत, हे चाळीसला. वरचे आठ सेंट संशोधनाला. एथेल केसलर या ज्या डिझायनर बाईंनी ते आखलं, त्या स्वतः या आजारातून उठलेल्या. पुढे यातून नऊ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. वरचा आकडा किती लहान ठेवायचा, सगळं गणित यातच आहे.

इथवर सगळा मामला राजीखुशीचा. द्यायचं तर द्या, नाहीतर साधं तिकीट घ्या. आपल्या देशाने १९७१ साली केलं ते याहून वेगळं होतं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आलेले. त्यांचा खर्च भागवायचा म्हणून सरकारने १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा अधिभार लावला. पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं तेवढी वगळली. इथे मर्जीचा प्रश्नच नव्हता, म्हणजे खरं तर हा करच. पण पोस्टकार्ड वगळणं मला शहाणपणाचं वाटतं. गरिबाचं पत्र म्हणजे कार्डच की!

हा अधिभार भरायला पाकिटावर लावायचं खास तिकीट छापून व्हायला वेळ लागणार होता. मग नेहमीचंच पाच पैशांचं तिकीट घेऊन त्यावर ‘शरणार्थी सहायता’, ‘रिफ्यूजी रिलीफ’ असं छापलं. ते मूळ तिकीट कोणतं होतं ठाऊक आहे? कुटुंबनियोजनाचं! छोट्या सुखी कुटुंबाच्या माथ्यावर निर्वासितांचा शिक्का. आता एवढ्या मोठ्या देशात ही छापील तिकिटं गावोगाव वेळेवर पोचणार कशी? तेव्हा स्थानिक पोस्टमास्तरांनाच परवानगी मिळाली की तुमचे तुम्ही शिक्के मारा. झालं! कुठे छापखान्यातून छापून घेतलं, कुठे रबरी शिक्का बनवला. कुठे अक्षरं ठळक, कुठे शाई पसरलेली, कुठे शिक्का तिरपा. बंगळूर, जयपूर, जबलपूर, आपल्या शेजारचा गोवा, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. १ डिसेंबरला निर्वासितांचं चित्र असलेलं खास तिकीट आलं आणि हा सावळा गोंधळ हळूहळू निवळला. अधिभार मात्र ३१ मार्च १९७३पर्यंत चालला.

आता संग्राहकांना या गोंधळाचंच अप्रूप. अडचण एवढीच, की रबरी शिक्का काय, कुणीही घरबसल्या करून घेऊ शकतो, त्यामुळे सुट्या तिकिटावर भरवसा ठेवणं कठीण. तेव्हा घरात जुनी पत्रं ओवून ठेवलेली तार असेल, तर एकदा उतरवून बघा. त्या दीड वर्षातलं एखादं पाकीट निघालं, तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका, कापूनही काढू नका. पोस्टाचा तारखेचा शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर पडलेला असतो, आणि तिकीट खरं असल्याचा तोच पुरावा. पाकीट आहे तसं ठेवा.

नमस्कार.