न लावलेली झाडं

(माणसानं न लावलेली झाडं कशी उगवतात, यावरच्या चित्रफितीचं निवेदन. दृश्य: पुणे जिल्ह्यातल्या सुप्याजवळचा माळ. पहाट. वाघरीत, म्हणजे जाळीच्या तात्पुरत्या कुंपणात, बसलेला शेळ्या-मेंढ्यांचा कळप.)

आवाज ऐका. शेळी रवंथ करतेय. काल दिवसभर तिनं बाभळीखालच्या शेंगा घाईघाईनं पोटात ढकलल्या, आणि आता, अंगावर ऊन यायच्या आत, त्याच शेंगा निवांत चावायला घेतल्यात. आता तिच्या तोंडाच्या कोपऱ्याकडे बघा. टपकन काहीतरी पडलं.

(दृश्य: तळहातावर बी.)

हे बाभळीचं बी. चपटं, काळपट, घासलेल्या बटणासारखं गुळगुळीत. सालीवर अंडाकृती पुसट रेघ. शेंगेतच राहिलं असतं तर एखाद्या भुंगेऱ्याच्या अळीनं आतून पोखरलं असतं. शेळी चावते तेव्हा काही बिया फुटतात, त्यांचा हिशेब संपला. पण ज्या शाबूत राहतात, त्यांची टणक साल पोटातल्या ओलाव्यानं आणि उबेनं सैल होते. मग काही रवंथ करताना तोंडातून गळतात, काही लेंडीतून पडतात. पडतात कुठं, तर आयत्या खतात. बाभूळ पेरायची तर बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करावं, ही वनखात्यातली जुनी रीत. बी भिजवायची खटपट शेळीनं आधीच केलेली असते.

मेंढपाळदादांना विचारलं, ही बाभळ कोणी लावली? ते नुसते हसले.

(दृश्य: दगडावरची विष्ठा, तीत बोरांच्या आठळ्या.)

हे खोकडाचं, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याचं काम. रात्री बोरं खाल्ली, सकाळी उंचवट्यावरच्या दगडावर आपली सही ठोकली. खोकड काही कॅमेऱ्यात आलं नाही, आठळ्या मात्र मोजून घ्या.

बोर, बाभूळ, हिवर. मध्ये गुडघाभर गवत, पुन्हा एखादं झाड. इथं वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. झाडं विरळ आहेत म्हणजे कोणी जंगल तोडून नेलंय असं नाही; गवत आणि झाड दोघांना पुरेल एवढी जागा ठेवून वाढलेलं हे रान आहे. सरकारी कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणतात. इथून जवळच, १९९७ साली जाहीर झालेल्या मयूरेश्वर अभयारण्यात, याच ‘पडीक’ गवतात चिंकारा चरतो.

(दृश्य: वेताळ टेकडी. एप्रिल. निष्पर्ण झाडं, खाली शहर.)

पुण्यात आलो. इथं पाऊस थोडा जास्त, पण झाडं एप्रिलात उघडीच. टेकडीवर फिरायला येणारे म्हणतात, सगळं वाळून गेलंय. वाळलं नाही, झाडानं वाऱ्याला वाट मोकळी करून दिलीय. ही मेडशिंगीची शेंग बघा, मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली. उकलली की आतून कागदी पंखांच्या बिया निघतात. गणेरीचं बोंड फुटतं, बी कापसात बसून उडतं. सालईच्या बियांनाही पंख. भर पानांत हे विमान दहा हातही गेलं नसतं.

(दृश्य: भीमाशंकर. दाट सावली. फांदीवर शेकरू.)

आणि इथं, पुण्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात. वारा आत शिरतच नाही. मग झाडानं गर तयार करायचा, रंग द्यायचा आणि कोणीतरी खायला येईल म्हणून वाट बघायची. जांभूळ, अंजनी, उंबर. येतात बुलबुल, धनेश, वटवाघूळ, उदमांजर. जसजसा पाऊस वाढतो तसतशी जनावरांच्या भरवशावरची झाडं वाढत जातात.

शेकरू दिसायला देखणं, म्हणून या चित्रफितीत त्याला भरपूर वेळ मिळालाय. खरं सांगायचं तर ते बहुतेक बिया फोडूनच खातं. पेरणीचं श्रेय उदमांजराला द्यायला हवं, पण ते रात्री येतं आणि आमच्याकडे तसला कॅमेरा नव्हता.

(दृश्य: पुन्हा टेकडी. गिरिपुष्पाची एकसारखी रांग.)

हे लावलेलं झाड. मूळचं मध्य अमेरिकेचं, आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. शेंग तडकून बी आपलं आपणच उडवतं, कोणाची गरजच नाही. टेकडीवर हिरवं दिसतं, फोटोही चांगला येतो. माळावर असे खड्डे काढून दाट झाडं लावली की गवत जातं, आणि गवतातले गवताबरोबर.

(दृश्य: जून. पहिला पाऊस झालेला. सुप्याजवळची तीच जागा.)

कळप पुढच्या गावाला गेलाय. वाघर जिथं लावली होती तिथं लेंड्यांचा काळा चौकोन उरलाय.

जरा खाली वाका. चौकोनात काय उगवलंय, बघा.

(निवेदन नाही. फक्त पावसाचा आवाज.)