गाणं लिहिणाऱ्याचा वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या एखाद्या एएम किंवा एफएम केंद्रावरून गाणं वाजलं, की ते लिहिणाऱ्याच्या नावावर पैसे जमा होतात. गाणाऱ्याच्या नावावर होत नाहीत. तिथल्या कायद्यात साध्या रेडिओवरच्या वाजवणुकीसाठी गायकाला मानधनच ठेवलेलं नाही. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओसाठी मात्र आहे. कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या संगीतात उमेदवारी करणाऱ्या पोरापोरींनी आवाजाच्या तयारीइतकंच हेही आधी समजून घ्यायला हवं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपण केंटकी राज्याचा पूर्व भाग डोळ्यांपुढे ठेवू. डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथून जाणाऱ्या यू.एस. २३ या रस्त्याच्या आसपासच्या छोट्या गावांतून लोरेटा लिन, क्रिस्टल गेल, रिकी स्कॅग्ज, पॅटी लव्हलेस, ख्रिस स्टेपलटन, टायलर चाइल्डर्स असे एकाहून एक कलावंत आले. त्या रस्त्याचं नावच आता ‘कंट्री म्युझिक हायवे’ आहे. कंट्री संगीताची राजधानी मानलं जाणारं टेनेसीतलं नॅशव्हिल तिथून मोटारीने पाचेक तासांवर. पण नॅशव्हिलचा आवाज या घरांत फार आधी पोचला होता. तिथल्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्राने १९२५ मध्ये सुरू केलेला गाण्यांचा कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ झाला, आणि रात्री एएमच्या लहरी लांबवर जात असल्याने तो डोंगरातल्या घराघरांत ऐकू येई.

अशा गावातली अठरा-एकोणीस वर्षांची एखादी मुलगी गिटार घेऊन गाणी रचते आहे. तिने काय करावं?

पहिलं म्हणजे लगेच घर सोडू नये. नॅशव्हिलला जाणकार लोक ‘दहा वर्षांचं गाव’ म्हणतात, म्हणजे तिथे काही जमायचं तर एवढा काळ धरूनच यावं. त्यातली पहिली दोन-तीन वर्षं घरी, भाडं न भरता काढता येतात. या काळात पंचवीस-तीस गाणी पूर्ण व्हायला हवीत. पूर्ण, म्हणजे दुसऱ्या कडव्यासकट. नवख्यांचं गाणं बहुतेक तिथेच बसतं. पहिल्या कडव्यात जे सांगायचं ते सगळं सांगून झालेलं असतं, ध्रुवपद चांगलं जमलेलं असतं, आणि दुसरं कडवं पहिल्याचंच वेगळ्या शब्दांत पुन्हा येतं. त्यावर उपाय सोपा आहे. पहिल्या कडव्याचा मजकूर उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवायचा आणि त्याच्या आधी काय घडलं असेल ते नव्याने लिहायचं. गोष्ट आपोआप पुढे सरकते. दुसरी काळजी वस्तूंची. ‘मी एकटी आहे’ असं लिहिण्यापेक्षा ओट्यावर विसळून पालथा घातलेला एकच कप लिहावा. कंट्रीचा श्रोता वस्तूवरून माणूस ओळखतो.

गाणी तपासायला गावातच जागा आहेत. चर्च, शेतकरी बाजार, तालुक्याची जत्रा, माजी सैनिकांचा हॉल. दोन ओळखीच्या गाण्यांच्या मधोमध आपलं नवं गाणं म्हणावं आणि दुसऱ्या कडव्यात लोकांची नजर कुठे जाते ते पाहावं. टाळ्यांवर विसंबू नये, गावचे लोक टाळ्या प्रेमाने देतात.

ध्वनिमुद्रणावर या टप्प्यात पैसा घालू नये. एक गिटार, एक आवाज आणि फोन एवढं पुरतं. फोन हातभर अंतरावर, गिटारच्या भोकापेक्षा तोंडाच्या जवळ ठेवावा, कारण गिटारचा खर्जातला घुमारा शब्द गिळून टाकतो. फरशीच्या स्वयंपाकघरात न बसता गादी-पडदे असलेल्या खोलीत बसावं. ऐकणाऱ्या जाणकाराला वाद्यवृंद नको असतो, शब्द ऐकू यायला हवे असतात.

आता नॅशव्हिलला अधूनमधून फेऱ्या सुरू कराव्यात. तिथे ‘राउंड’ नावाची पद्धत आहे. तीन-चार गीतकार शेजारी किंवा गोल करून बसतात, पाळीपाळीने आपापलं एकेक गाणं म्हणतात, आणि गाणं कसं सुचलं ते दोन वाक्यांत सांगतात. ब्लूबर्ड कॅफे ही त्यातली प्रसिद्ध जागा. १९८२ मध्ये दुकानांच्या एका साध्या रांगेत सुरू झालेली, जेमतेम नव्वद खुर्च्यांची. गाणं चालू असताना तिथे बोललेलं चालत नाही. सोमवारी नवख्यांसाठी खुला मंच असतो, एखाद-दुसरं गाणं म्हणायला मिळतं. इतक्या शांत खोलीत लहान चुकाही मोठ्या होतात. तारा त्याच दिवशी बदलल्या तर त्या ताणत राहतात आणि गिटार उतरते, म्हणून आदल्या दिवशी बदलाव्यात. कॅपो, म्हणजे पट्टी चढवायला गिटारच्या दांडीवर तारा दाबून धरणारी क्लिप, लावला की तारा किंचित चढतात, म्हणून कॅपो लावल्यावर पुन्हा सूर जुळवावा, आणि तोही चिमट्याच्या ट्यूनरवर, आवाज न करता. शेजारचा गात असताना गिटार छेडणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.

एक गोष्ट आपल्या श्रोत्यांना चटकन कळेल. नॅशव्हिलचे वादक कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची, नावं लिहीत नाहीत, आकडे लिहितात. मूळ स्वराची कॉर्ड १, मग ४, ५, मायनर असेल तर आकड्यापुढे उणे चिन्ह. ‘जी’ पट्टीत १ म्हणजे जी, ४ म्हणजे सी, ५ म्हणजे डी, आणि उणे चिन्हाचा ६ म्हणजे ई मायनर. एका मात्राखंडात दोन कॉर्ड असतील तर दोन्ही आकड्यांखाली एक रेघ. कॉर्ड एकदा वाजवून नुसती घुमू द्यायची असेल तर आकड्याभोवती चौकटचा आकार. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज यांनी गायकवृंदासाठी ही युक्ती काढली आणि चार्ली मकॉय यांनी ती स्टुडिओत रुजवली. पेटीवाला आपल्याकडे ‘काळी एक की पांढरी चार?’ विचारतो आणि पट्टी कुठलीही ठरली तरी सरगम तीच राहते, अगदी तसंच हे आहे. गायिकेचा घसा बसला आणि गाणं अर्ध्या स्वराने उतरवायचं ठरलं, तरी कागदावरचा एक आकडाही बदलत नाही. त्यामुळे तीन तासांच्या एका बैठकीत चार-पाच गाण्यांचे नमुने मुद्रित होऊ शकतात. आपल्या गाण्याचा असा एक पानी तक्ता स्वतः लिहिता येणाऱ्या मुलीचा स्टुडिओतला बराच खर्च वाचतो.

राउंडमध्ये ओळखी होतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘चल, मिळून लिहू.’ इथे खरं काम सुरू होतं, आणि खरी गफलतही इथेच होते.

नॅशव्हिलमध्ये गाणी बहुतेक दोघं-तिघं मिळून लिहितात. सकाळी दहा-अकराला एका खोलीत जमायचं, कोणाकडे शीर्षक असतं, कोणाकडे चाल, दुपारपर्यंत गाणं उभं राहतं. तिथला रिवाज असा, की खोलीत जितकी माणसं तितके समान हिस्से. कोणी चाळीस ओळी दिल्या, कोणी एकच, तरी तिघांत प्रत्येकी एकतृतीयांश. हा रिवाज शहाणपणाचा आहे, कारण शब्द मोजत बसलं की लिहिणं थांबतं. मात्र तो त्याच दिवशी कागदावर यायला हवा. गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पूर्ण कायदेशीर नाव, टक्केवारी, गाणं वाजल्याचे पैसे गोळा करून देणारी प्रत्येकाची हक्कसंस्था कोणती, म्हणजे अ‍ॅस्कॅप की बीएमआय, तिथला सदस्य क्रमांक, आणि सगळ्यांच्या सह्या. एकच पान. गाणं गाजल्यावर हे पान लिहायला बसलं तर मैत्रीही जाते आणि वाटणीही अडते.

नावात घोळ झाला की पैसे हरवतात, हे नुसतं भय नाही. स्ट्रीमिंगवरचे गीतकारांचे ‘यांत्रिक’ हक्काचे, म्हणजे गाण्याची प्रत काढण्याबद्दलचे, पैसे गोळा करायला २०१८ च्या कायद्याने अमेरिकेत एक संस्था नेमली. २०२१ मध्ये तिचं काम सुरू झालं तेव्हा स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिच्याकडे सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर जमा केले. कोणाचे ते जुळवता न आलेले हे पैसे होते. एका ठिकाणी टोपणनाव, दुसरीकडे लग्नाआधीचं आडनाव, तिसरीकडे हिस्सेच भरलेले नाहीत, असल्या कारणांनी पैसे असे अडकतात.

आता हिशोब पाहू. सीडी किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला मिळणारा कायदेशीर दर २००६ पासून ९.१ सेंट होता. २०२३ मध्ये तो १२ सेंट झाला आणि त्यानंतर महागाईप्रमाणे वाढत गेला. १२ सेंटने धरलं तर दहा हजार प्रतींचे बाराशे डॉलर होतात. तिघांनी लिहिलं तर वाट्याला चारशे. त्यातला अर्धा प्रकाशकाचा, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळून ती गायकांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचा, असेल तर हातात दोनशे. यावर घर चालत नाही. रेडिओवर गाजलेलं गाणं घर चालवतं, आणि ते गाणं दुसऱ्या कोणी गायलं तरी चालवतं.

म्हणून प्रकाशकाशी करार हा या धंद्यातला मोठा टप्पा. प्रकाशक दरमहा पैसे देतो. पगार वाटतो, पण ती उचल असते. पुढे गाण्यांतून येणाऱ्या पैशांतून ती आधी फिटते, मग तुमचा वाटा सुरू होतो. करारात वर्षाला ठराविक ‘पूर्ण’ गाणी द्यायची अट असते, समजा बारा. तिघांत लिहिलेलं गाणं एकतृतीयांशच मोजलं जातं. म्हणजे सगळी गाणी तिघांत लिहिली तर छत्तीस लिहावी लागतात! सही करण्याआधी तीन गोष्टी वकिलाकडून पाहून घ्याव्यात, आणि वकील संगीत व्यवसायातलाच हवा. मालकी किती टक्के जाते; कोणी न घेतलेली गाणी किती वर्षांनी परत मिळतात; आणि आधी घरी लिहिलेली गाणी करारात ओढली जातात का. तिसरी अट बारीक अक्षरांत असते आणि तीच सगळ्यात महागात पडते. नव्या लेखिकेकडून पैसे मागणारा प्रकाशक मात्र प्रकाशक नव्हेच. खरा प्रकाशक पैसे देतो, घेत नाही.

मालकी धरून ठेवण्याचं मोल डॉली पार्टन यांच्याकडून शिकावं. टेनेसीतल्या डोंगरातल्या गरीब घरातली ही मुलगी शाळा संपताच १९६४ मध्ये नॅशव्हिलला आली. त्यांचं १९७४ मधलं एक गाणं एल्व्हिस प्रेस्लींना गायचं होतं, पण एल्व्हिसच्या व्यवस्थापकाने प्रकाशन हक्कातला अर्धा हिस्सा मागितला. एल्व्हिससारखा गायक, आणि डॉलींनी नाही म्हटलं. १९९२ मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टन यांनी गायलं, ते जगभर गाजलं, आणि हक्क लेखिकेकडेच होते.

पोट भरायला नॅशव्हिलमध्येच ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावरचे बार आहेत. चार-चार तासांची पाळी, बहुतेक दुसऱ्यांची गाजलेली गाणी, आणि कमाई मुख्यतः बक्षिशीवर. हात तयार होतो, हिंमत येते. पण आठवड्यातले पाच दिवस तिथे गायलं की सकाळी लिहायला ना घसा उरतो ना डोकं. दोन दिवस पुरे.

आणि नॅशव्हिल हा एकच रस्ता नाही. ख्रिस स्टेपलटन २००१ मध्ये तिथे आले, लगेच प्रकाशकाकडे लागले आणि वर्षानुवर्षं इतरांसाठी गाणी लिहीत राहिले. स्वतःचा पहिला एकल अल्बम यायला २०१५ उजाडलं. मधली चौदा वर्षं लेखणीने तारली. टायलर चाइल्डर्स आपल्याच मुलखात फिरत राहिले. केंटकी आणि शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातली लहान ठिकाणं, लेक्सिंग्टनमधल्या एका रेडिओ कार्यक्रमातलं थेट मुद्रण, आणि २०१७ मध्ये स्वतःच्या लेबलवरचा अल्बम. ज्या मुलीची गाणी तिच्याच बोलीत, तिच्याच खोऱ्यातली आहेत आणि तीच ती गाऊ शकते, तिला दुसरा रस्ता मानवेल. जिची गाणी कोणाच्याही तोंडी शोभतील, तिने नॅशव्हिल गाठावं. इथे रसिकांनी नव्हे, तिने स्वतः प्रामाणिकपणे निर्णय घ्यायचा आहे.

स्ट्रीमिंगबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकलं गेलेल्या मुद्रणालाच पैसे मिळतात. म्हणून काहीजण विकतचे आकडे आणतात. ते पकडले जातात, गाणं काढलं जातं, आणि त्या नावाखालच्या खऱ्या श्रोत्यांचा हिशोबही जातो.

आता आपल्याकडचं. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यातही गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा राखून ठेवला. हा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. फक्त वारसांकडे किंवा हक्कसंस्थेकडे जातो. आपली ती संस्था आयपीआरएस. तालुक्याच्या गावी बसून मराठी गाणी रचणारे आणि ती स्वतः यूट्यूबवर चढवणारे कितीतरी जण तिचे सदस्य नाहीत, म्हणून त्यांचा वाटा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. सदस्यत्व घ्यावं आणि प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं. गीतकार, संगीतकार, टक्केवारी सगळं भरावं. चाल पारंपरिक असेल तर तसं स्पष्ट लिहावं, ती स्वतःच्या नावावर नोंदवू नये. आणि शीर्षकाचं रोमन स्पेलिंग एकदा ठरवलं की यूट्यूबवर, वितरकाकडे आणि संस्थेच्या अर्जात तेच ठेवावं. एका जागी दोन ‘ए’ आणि दुसरीकडे एक असेल, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी गाणी ठरू शकतात.

नमस्कार.