पार्करांच्या दोन बंदुका

(पहाट. लेक्सिंग्टन ग्रीन, म्हणजे गावचं हिरवं मैदान. ड्रमचा आवाज.)

एप्रिल उजाडलाय, पण गारठा हटलेला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं लेक्सिंग्टन गाव दरवर्षी पॅट्रियट्स डेला असं अंधारातच उठतं. अंगावर जुने कपडे चढवतं आणि 19 एप्रिल 1775 ची पहाट पुन्हा उभी करतं. इंग्रजांविरुद्धचं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध त्या पहाटे इथे पेटलं. रांगेपुढे उभा आहे तो कॅप्टन जॉन पार्कर. म्हणजे, त्याचं सोंग घेतलेला गावकरी.

(पुतळा, खालून वर.)

हा ब्राँझचा पार्कर शिल्पकार हेन्री हडसन किटसन यांचा. 1900 पासून इथे उभा आहे. उघडं डोकं, भरलेली छाती, हातात ठासणीची बंदूक. खरा पार्कर त्या दिवशी 45 वर्षांचा होता आणि क्षयानं पोखरलेला. त्याचं चित्र कुणी काढूनच ठेवलं नाही. मग शिल्पकारानं चेहरा आणायचा कुठून?

(शेताच्या कडेची दगडी कुंपणं.)

जॉन पार्कर शेतकरी. शेत गावाच्या दक्षिणेला. 1755 मध्ये लिडिया मूरशी लग्न झालं, पुढे सात मुलं. तो कॅप्टन होता तो गावच्या मिलिशियाचा. मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. गावातल्या धडधाकट पुरुषांनी आपापली बंदूक घेऊन यायचं, कवायत करायची आणि आपला कॅप्टन आपणच निवडायचा. रांगेतले कित्येक जण पार्करच्या नात्यातलेच. अशा ठिकाणी कॅप्टनला सलामापेक्षा सोयरीकच जास्त सांभाळावी लागत असणार.

(बकमन टॅव्हर्न, म्हणजे ग्रीनजवळचा गुत्ता, त्याचं दार. आतली चूल.)

मध्यरात्रीच्या सुमाराला पॉल रिव्हिअर घोड्यावरून बातमी घेऊन आला, की बॉस्टनहून इंग्रज फौज निघाली आहे. पार्करनं माणसं ग्रीनवर गोळा केली. वाट पाहिली. रस्त्यावर कुणीच दिसेना. थंडी मरणाची. ड्रम वाजला की या, असं सांगून त्यानं त्यांना सोडलं. जवळच्यांनी घर गाठलं, बाकीचे या टॅव्हर्नमध्ये चुलीपाशी येऊन बसले. पहाटे टेहळणीला गेलेला थॅडियस बोमन घोडा फेकत आला. फौज अगदी उंबऱ्याशी आली होती. विल्यम डायमंडनं ड्रमवर टिपऱ्या मारल्या आणि जेमतेम 77 माणसं धावत ग्रीनवर आली. समोर काही शे लाल कोट, म्हणजे इंग्रज शिपाई.

(दगडावरची अक्षरं, जवळून.)

ग्रीनवरच्या या दगडावर पार्करचा हुकूम कोरला आहे. जागेवरून हलू नका, त्यांनी झाडल्याशिवाय गोळी झाडू नका, पण त्यांना युद्धच हवं असेल तर ते इथूनच सुरू होऊ दे.

वाक्य झकास आहे. पण सहाच दिवसांनी पार्करनं शपथेवर जबाब दिला, त्यात ते नाही. जबाबात तो म्हणतो, फौज अंगावर येताना दिसताच मी माझ्या माणसांना पांगायला सांगितलं, गोळी झाडू नका म्हणालो. दगडावरचं वाक्य घराण्याच्या आठवणीतलं, नातू थिओडोरनं पुढे आणलेलं. पांगा म्हणणारा पार्कर मला जास्त खरा वाटतो. त्याला समोरचा आकडा दिसत होता आणि मागे उभी असलेली घरंही.

पहिली गोळी कुणाची, ते आजवर ठरलेलं नाही. आठ जण गेले. त्यात पार्करचा चुलतभाऊ जोनास होता.

(टॅव्हर्नसमोरचं प्रिन्स एस्टाब्रुकचं स्मारक.)

प्रिन्स एस्टाब्रुक खांद्याला गोळी लागून जखमी झाला. तो त्या रांगेतला गुलाम. त्याच्या नावाचा हा दगड बसायला 2008 उजाडलं.

(खडकाळ टेकडी, झाडी.)

दुपारी पार्करनं उरलेली माणसं पुन्हा जमवली आणि शेजारच्या लिंकन गावाच्या शिवेवरच्या या टेकडीवरून, पुढे काँकर्ड गावापर्यंत जाऊन परतणाऱ्या इंग्रज फौजेवर गोळ्या झाडल्या. या जागेला आता ‘पार्करचा सूड’ म्हणतात. उत्खननात इथल्या मातीतून शिशाच्या गोळ्या निघाल्या.

17 सप्टेंबर 1775 ला पार्कर क्षयानं गेला. देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला अजून नऊ महिने होते. मागे लिडिया आणि मुलं.

(मॅसॅच्युसेट्स राज्याचं सिनेट सभागृह, बॉस्टन. भिंतीवरच्या दोन बंदुका.)

आणि या बंदुका. एक कॅप्टनची स्वतःची, दुसरी त्या दिवशी इंग्रज शिपायाकडून घेतलेली. दोन्ही पुढे थिओडोरकडे आल्या. त्याचे वडील, म्हणजे कॅप्टनचा मुलगा, शेती सांभाळून पंप बनवायचे. थिओडोर मात्र धर्मोपदेशक झाला आणि गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला. 1850 मध्ये पळून आलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा कायदा झाला, तेव्हा जॉर्जियातून निसटलेल्या एलन क्राफ्टला त्यानं बॉस्टनमधल्या स्वतःच्या घरात लपवलं आणि प्रवचन लिहायला बसला. टेबलावर भरलेलं पिस्तूल.

आजोबांच्या या दोन बंदुकाही त्याच्याच अभ्यासिकेत असायच्या.

(बंदुकीचा दस्ता. हळूहळू अंधार.)